पंचवीस सेंटचं फाटक

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बेलफाउंटन नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथल्या एका थडग्यावर एका मिशाळ गृहस्थाचा माणसाएवढा पुतळा उभा आहे. हा पुतळा त्याच्यामागे कुणी श्रद्धेनं उभारलेला नाही. ऐन भरभराटीच्या काळात त्यानं तो स्वतःच करवून घेतला होता, तोही स्वतःच्या मैदानाबाहेर लावायला. पुढे मैदान गेलं, संघ गेला, पैसा गेला. पुतळा तेवढा राहिला आणि थडग्यावर आला.

या माणसाचं नाव ख्रिस व्हॉन डर आह. जन्म १८५१चा, जर्मनीच्या वेस्टफालिया भागातल्या हिले गावचा. मिसरूड फुटायच्या वयात तो जहाजानं अमेरिकेला आला. धंदा किराणा आणि बिअरचा. बेसबॉल त्याला कळत नव्हता. शेवटपर्यंत नीट कळला नाही, असं त्याच्यावर हसणारे म्हणत. तरीही रविवारचा सामना, गरिबाला परवडणारं तिकीट, हातात बिअरचा ग्लास, मैदानाभोवती जत्रा हे जे आज अमेरिकी बेसबॉलचं अंगभूत रूप वाटतं, ते रुजवण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

हे सगळं मी लिहितोय हेमलकशात बसून. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातलं हे गाव. जवळच इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. बेसबॉल इथे कुणी खेळत नाही. पण धान घरात आलं की गावोगावी कबड्डीच्या, व्हॉलीबॉलच्या, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. आणि उन्हाळा लागला की पोरं जिथे रेंज मिळते त्या झाडाखाली गोळा होऊन एकाच मोबाइलवर आयपीएल बघतात. मी या पोरांबरोबर खेळाचंच काम करतो. त्यांच्याकडून एक प्रश्न मला वारंवार येतो : "सर, टीमचा मालक नेमका करते का जी?"

प्रश्न बरोबर आहे. मालक खेळत नाही, शिकवत नाही, अंपायरही नसतो. कॅमेरा मात्र दर षटकाला त्याच्याकडे वळतो. या प्रश्नाचं उत्तर शोधत मी मागे मागे जात राहिलो आणि या जर्मन किराणेवाल्यापाशी येऊन थांबलो. बेसबॉलचे नियम तुम्हाला माहीत नसले तरी पुढचं सगळं कळेल. ख्रिसचंही त्यावाचून अडलं नव्हतं.

गिऱ्हाईक जातं कुठे?

१८७०च्या दशकात सेंट लुईसमध्ये ख्रिसचं किराणा दुकान होतं आणि त्याला लागून बार. दुकान ग्रँड अव्हेन्यूवरच्या एका मैदानाजवळ. त्याच्या लक्षात आलं, की काही दुपारी बार अचानक ओस पडतो आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा तहानलेल्या माणसांनी भरून जातो. चौकशी केल्यावर कळलं, की पलीकडे बेसबॉलचा सामना असतो.

दुसरा कुणी असता तर त्यानं दुकानाची वेळ बदलली असती. ख्रिसनं विचार केला, की गिऱ्हाईक जिथे जातंय तिथेच बिअर न्यावी.

सेंट लुईस तेव्हा जर्मन माणसांनी भरलेलं होतं. त्यांनी येताना आपला रविवार सोबत आणला होता. सकाळी चर्च, आणि दुपारी सगळं घरदार बिअर गार्डनमध्ये. झाडाखाली बाकडी, खाणं, बँड, पोरांचा धुडगूस. बिअर म्हणजे त्यांना गुपचूप प्यायची गोष्ट वाटत नसे. ती घरच्या जेवणासारखी होती. उलट अमेरिकेतल्या जुन्या, कर्मठ प्रोटेस्टंट घरांत रविवार म्हणजे प्रार्थनेचा दिवस. त्या दिवशी खेळ, दारू, गाणं सगळं वर्ज्य. एकाच शहरात दोन रविवार नांदत होते.

शहरात आधी एक व्यावसायिक संघ होता. पण १८७७ साली जुगाराच्या भानगडी आणि कर्ज यांनी तो बुडाला. मैदानाची रया गेली. आल्फ्रेड स्पिंक नावाचा एक पत्रकार तिथला बेसबॉल पुन्हा उभा करायच्या खटपटीत होता. त्याला पैसेवाला हवा होता आणि ख्रिसला मैदानावरच्या बिअरची परवानगी. १८८०-८१च्या सुमारास ख्रिसनं पैसा ओतला, नवे स्टँड बांधले, मैदानाला 'स्पोर्ट्समन्स पार्क' नाव दिलं. संघाचं नाव ब्राउन्स.

पन्नास विरुद्ध पंचवीस

तेव्हा व्यावसायिक बेसबॉलवर एकाच संघटनेची सत्ता होती : नॅशनल लीग. ती १८७६ साली शिकागोच्या विल्यम हल्बर्टनं उभी केली. तिचे तीन नियम होते. तिकीट ५० सेंट. रविवारी खेळ नाही. मैदानावर दारू नाही. खेळाला जुगारी आणि दारुडे यांच्यातून सोडवून 'सभ्य' लोकांत न्यायचा हा प्रयत्न होता, आणि त्यामागची काळजी खोटी नव्हती. जुगारानं सामने विकले जात होते.

पण हे नियम मजुराच्या बाजूनं बघा. साध्या मजुराची रोजी एक-दीड डॉलर. म्हणजे तिकिटालाच तिसरा हिस्सा ते अर्धी रोजी जाणार. बरं, पैसे साठवले तरी जायचं कधी? मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे सामना दुपारी. आठवड्यातले सहा दिवस दुपारी तो कारखान्यात. सुटीचा एकच दिवस, रविवार. त्या दिवशी फाटकाला कुलूप. 'मजुरांना प्रवेश नाही' अशी पाटी लावायची नॅशनल लीगला गरजच नव्हती. तिकिटाचा दर आणि वार एवढ्यावर काम भागत होतं.

सिनसिनाटी हेही असंच जर्मन वस्तीचं शहर. तिथला क्लब मैदानावर बिअर विकायचा आणि रविवारी मैदान भाड्यानं द्यायचा. १८८० साली नॅशनल लीगनं त्याला हाकलून दिलं. मग १८८१च्या नोव्हेंबरमध्ये अशा नाराज मंडळींनी सिनसिनाटीतच जमून दुसरी लीग काढली : अमेरिकन असोसिएशन. १८८२ साली सहा संघांनिशी ती सुरू झाली. सेंट लुईसतर्फे ख्रिस त्यात होता. तिकीट २५ सेंट. स्थानिक कायदा परवानगी देईल तिथे रविवारी सामना. आणि बिअर. नॅशनल लीगवाल्यांनी तिची 'बिअर-व्हिस्की लीग' म्हणून टर उडवली. गर्दी मात्र तिकडे वळली.

यात उपकार करायचा हेतू नव्हता. ख्रिसला साधं गणित येत होतं. दर अर्धा केला, माणसं दुपटीनं आली, तर तिकिटाचं उत्पन्न तेवढंच राहतं. वर प्रत्येक माणूस दोन ग्लास बिअर पितो, तो नफा. पण त्या गणितामुळे एक गोष्ट घडली. कसायाच्या दुकानातला पोऱ्या, विटा वाहणारा आयरिश, तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारा जर्मन सुतार असे सगळे पहिल्यांदाच पैसे देऊन, हक्कानं, अमेरिकेच्या 'राष्ट्रीय खेळा'च्या मैदानात बसले. ज्याला अजून देशाची भाषा नीट येत नव्हती, त्याला देशाचा खेळ आधी आला.

रविवार कोर्टात

रविवारचं भांडण शेवटी कोर्टात गेलंच. मिसुरी राज्यात रविवारी काम करण्याविरुद्ध जुना कायदा होता. १८८७च्या जुलैमध्ये त्याची अंमलबजावणी कडक झाली आणि रविवारचा सामना चालू असताना पोलीस मैदानावर आले. ख्रिसला अटक झाली.

खटला न्यायाधीश नूनन यांच्यापुढे चालला. प्रश्न असा, की बेसबॉल खेळणं हे कायद्याच्या अर्थानं 'श्रम' आहे का? नूनन यांनी निकाल दिला : नाही. ख्रिस सुटला आणि रविवारचे सामने पुन्हा सुरू झाले.

मला या निकालाची गंमत वाटते आणि थोडी बोचणीही. पगार घेऊन, करारानं बांधलेली माणसं मैदानात घाम गाळत होती. मालक त्यावर कमावत होता. पण रविवार वाचवायचा म्हणून तो श्रम नव्हता, खेळ होता. प्रेक्षक असलेल्या कामगाराला त्या निकालानं हक्काची दुपार दिली. खेळाडू असलेल्या कामगाराच्या पदरात काय पडलं, ते पुढे येईल.

बॉस

ब्राउन्सचा कर्णधार आणि व्यवस्थापक होता चार्ल्स कोमिस्की. खेळातलं सगळं त्याचं डोकं. पैसा, जाहिरात, थाटमाट ख्रिसचा. या जोडीनं १८८५ ते १८८८ अशी सलग चार वर्षं अमेरिकन असोसिएशनचं विजेतेपद मिळवलं. १८८६ साली त्यांनी नॅशनल लीगच्या विजेत्या शिकागोला आव्हान दिलं. अट अशी, की जिंकेल त्याला तिकिटांचं सगळं उत्पन्न; हरणाऱ्याला काही नाही. सहाव्या सामन्यात दहाव्या डावात कर्ट वेल्च धावत घरच्या थाळीवर पोचला आणि ब्राउन्स जिंकले. बिअरवाल्यांच्या संघानं सभ्य लोकांच्या संघाला हरवलं होतं.

या यशाबरोबर ख्रिसचं हसंही झालं. त्याचं इंग्रजी जर्मन वळणाचं. वर्तमानपत्रं त्याची वाक्यं मुद्दाम त्याच्या उच्चाराप्रमाणे छापत, जेणेकरून वाचणारा हसेल. एक गोष्ट फार सांगितली जाते. बेसबॉलचं मैदान चौकोनी हिऱ्यासारखं असतं, म्हणून त्याला 'डायमंड' म्हणतात. ख्रिसनं पाहुण्यांपुढे बढाई मारली, की माझा डायमंड जगात सगळ्यात मोठा. कोमिस्की कानात कुजबुजला, की साहेब, सगळे डायमंड एकाच मापाचे असतात. गोष्ट खरी असेल, रचलेलीही असेल. ती इतकी वर्षं टिकली, कारण परक्या उच्चाराच्या माणसाला मूर्ख समजणं सोयीचं असतं. ज्यानं गर्दीचं सगळं गणित बदललं, तो लोकांच्या आठवणीत विदूषक म्हणून राहिला.

हे मला परकं वाटत नाही. माडिया पोरं तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेला जातात. घरात माडिया, शाळेत मराठी, प्रशिक्षकाची सूचना कधी हिंदीत. पोरगं 'मी गेली' म्हणालं की लोक हसतात. त्याचा वेग कुणाला दिसायच्या आधी त्याचं व्याकरण दिसतं.

मालक आणि गडी

पण ख्रिसला बिचारा म्हणून सोडता येत नाही. ज्या हातानं त्यानं प्रेक्षकाला फाटक उघडलं, त्याच हातानं खेळाडूला बांधून ठेवलं.

तेव्हा बेसबॉलमध्ये 'राखीव' नियम होता. एकदा करार झाला की पुढच्या वर्षीही खेळाडू त्याच मालकाचा. मालकानं सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. ख्रिस खेळाडूंना वरचेवर दंड करायचा. १८८९ साली यँक रॉबिन्सन या खेळाडूला धड पँट नव्हती. ती आणायला पाठवलेल्या पोराला फाटकावर अडवलं आणि त्यावरून बाचाबाची झाली. मालकानं रॉबिन्सनला २५ डॉलर दंड ठोठावला. चिडलेले सहकारी पुढच्या सामन्याच्या गाडीत बसेनात. खेळाडूंचा तो छोटासा संपच.

त्याआधी, १८८७चा हंगाम संपल्यावर, ख्रिसनं आपले बिनीचे खेळाडू विकून टाकले. कॅरथर्स, फाउट्झ आणि बुशाँग ब्रुकलिनला. वेल्च आणि ग्लीसन फिलाडेल्फियाला. होय, तोच वेल्च.

इथे आयपीएल बघणाऱ्यांनी क्षणभर थांबावं. २० फेब्रुवारी २००८ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला, त्यात चेन्नईनं धोनीला १५ लाख डॉलरना घेतलं. 'माणसांचा लिलाव' म्हणून तेव्हा टीकाही झाली. पण त्या लिलावात लागलेली बोली म्हणजे खेळाडूचं मानधन. पैसे धोनीला मिळतात. वेल्चची किंमत ख्रिसच्या खिशात गेली होती. शब्द तोच, विक्री. पैसा कुणाच्या हातात पडतो, यावरून सगळं बदलतं. टीमचा मालक काय करतो, याचं एक उत्तर इथे आहे : खेळाडूच्या कष्टातून निघालेला पैसा कुठे वळवायचा, हे तो ठरवतो. आणि किती ठरवू शकतो, हे खेळाडू किती एकजुटीनं उभे आहेत त्यावर असतं.

१० सप्टेंबर १८८७

ख्रिसच्या गोष्टीत एक दिवस असा येतो, की त्यापुढे चार विजेतेपदं फिकी वाटतात.

त्या काळात क्यूबन जायंट्स नावाचा एक संघ होता. नाव क्यूबन, पण खेळाडू अमेरिकेतले कृष्णवर्णीय. १८८५ साली न्यू यॉर्कजवळच्या एका हॉटेलाच्या आसऱ्यानं तो उभा राहिला. पगार घेऊन खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय संघ मानला जातो. खेळायचे जबरदस्त, आणि त्यांना बघायला गर्दीही व्हायची. गर्दी म्हटल्यावर ख्रिस आलाच. त्यानं ११ सप्टेंबरला न्यू यॉर्कजवळ ब्राउन्स विरुद्ध क्यूबन जायंट्स असा सामना ठरवला.

आदल्या दिवशी संघ फिलाडेल्फियात होता. रात्री जेवणाच्या वेळी ख्रिसच्या हातात एक पत्र ठेवण्यात आलं. खाली आठ खेळाडूंच्या सह्या. मजकूर थोडक्यात असा, की उद्या आम्ही निग्रोंविरुद्ध खेळणार नाही. गोऱ्या संघाशी कधीही, कुठेही खेळू. कोमिस्कीची सही त्यावर नव्हती. ख्रिस संतापला, पण वाकला. खेळाडू जखमी आहेत असं कारण देऊन त्यानं सामना रद्द केला.

खेळाडू संघटित होऊन मालकाला नमवतात, हे वाचताना एरवी बरं वाटलं असतं. पुढे पँटसाठी भांडणारे हे खेळाडू या वेळी एकत्र आले ते दुसऱ्या कामगारांना बाहेर ठेवायला. ज्या मालकाला फक्त गल्ला दिसत होता, त्याला निदान समोरच्या संघाचा रंग महत्त्वाचा वाटला नव्हता. पण तो लढलाही नाही. गल्ल्यासाठी रविवारच्या कायद्याला भिडलेला माणूस आपल्याच जेवणाच्या टेबलावर गप्प बसला.

त्याच वर्षी जुलैमध्ये इंटरनॅशनल लीगनं कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं होतं. हळूहळू सगळ्या मोठ्या व्यावसायिक बेसबॉलनं ती रेघ मान्य केली. ती मोडायला १५ एप्रिल १९४७ उजाडावा लागला. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. दोन पिढ्या तोवर खेळून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

इकडे पुण्यात

हे वाचताना 'ते तिकडचं' असं वाटू नये म्हणून त्याच काळातल्या पुण्यात जाऊ.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६च्या सुमाराचा, धारवाडचा. जात चांभार, वडील फौजेत. कुटुंब पुण्याला आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि भाऊ शिवराम खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिना ३ रुपये. पारशीही कधीकाळी समुद्रावरून आलेलेच, आणि हिंदुस्थानी लोकांत क्रिकेट पहिल्यांदा उचललं ते त्यांनीच. मग १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात, महिना ४ रुपयांवर. तिथे जाळी लावायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग हा नावाजलेला फलंदाज. आपल्याला बाद केलंस की आठ आणे, असं तो बाळूंना म्हणे, अशी गोष्ट सांगतात. आठ आण्यांच्या त्या शाळेत हिंदुस्थानातला त्या काळचा सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

पुण्यातल्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सगळे हाताळत. चहाच्या वेळी मात्र ते बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून ते खेळले. पोट भरायला रेल्वेची नोकरी. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात त्यांचा मोठा वाटा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. भावांनी, लोकांनी त्यासाठी भांडण केलं. ते पद १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं आणि त्या वर्षी संघ जिंकलाही.

मुंबईत तेव्हा 'संघाचा मालक' ही गोष्टच नव्हती. संघ धर्माचे : पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन. खेळासाठी पैसे घेणं कमीपणाचं समजलं जाई. पण खेळावर पोट असलेले लोक होतेच. ते कुठल्यातरी रेल्वेच्या पगारपत्रकावर किंवा महाराजांच्या पदरी दिसत. सेंट लुईसमध्ये बाहेरून आलेला माणूस मालक झाला, कारण तिथे पैसा टाकला की संघ घेता येत होता. पुण्या-मुंबईत बाहेरून आलेल्या बाळूंकडे पैसाही नव्हता आणि जातही आड येत होती. दोन्हीकडे फाटकापर्यंत पैसा पोचवत होता. फाटकाच्या आत, जेवणाच्या टेबलापाशी, त्याचं काही चालत नव्हतं.

घसरगुंडी

ख्रिसचा उतार झपाट्यानं झाला. १८९० साली राखीव नियमाला कंटाळून खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. कोमिस्कीही तिकडे गेला. ती लीग एका वर्षात बंद पडली, पण तिच्या धक्क्यानं अमेरिकन असोसिएशन खिळखिळी झाली आणि १८९१नंतर संपली. तिचे चार संघ नॅशनल लीगनं आपल्यात घेतले, त्यात ख्रिसचा एक. घेताना नॅशनल लीगनं एक गोष्ट मान्य केली : ज्याला हवं त्यानं २५ सेंटचं तिकीट ठेवावं, रविवारी खेळावं. दहा वर्षं ज्याला हिणवलं, तेच नियमात आलं.

१८९३ साली ख्रिसनं नवं मैदान बांधलं. संघ हरत होता, म्हणून त्यानं मैदानाची जत्रा केली. तळं, पाण्यात धडकणारी घसरगुंडी, घोड्यांच्या शर्यती. कर्ज वाढलं, संसार मोडला. एका जुन्या खटल्यातल्या जामिनाच्या पैशासाठी १८९८च्या फेब्रुवारीत त्याला फसवून, गाडीत कोंबून पिट्सबर्गला नेण्यात आलं. एप्रिलमध्ये सामना चालू असताना मैदानाला आग लागली, माणसं होरपळली, दावे लागले. १८९९ साली संघाचा कोर्टामार्फत लिलाव झाला. ज्यानं माणसं विकली, त्याचा संघ विकला गेला.

शेवटची वर्षं त्यानं पुन्हा बारमध्ये बिअर ओतत काढली. शिकागोच्या मोठ्या संघाचा मालक झालेला कोमिस्की त्याला पैसे पाठवत असे. १९१३च्या जूनमध्ये यकृताच्या विकारानं तो गेला.

त्याचा संघ आज सेंट लुईस कार्डिनल्स म्हणून ओळखला जातो. १९५३ साली तो एका बिअर कंपनीनं विकत घेतला. आपल्याकडे आयपीएलच्या पहिल्या वर्षी बंगळुरूच्या संघाला मद्य कंपनीच्या मालकानं आपल्या व्हिस्कीचं नाव दिलं, तेव्हा कुणाला सेंट लुईस आठवलं नसेल. आणि १३ जुलै २०२३ला टेक्सासच्या ग्रँड प्रेअरीमध्ये अमेरिकेतली मेजर लीग क्रिकेट सुरू झाली, ती बेसबॉलसाठी बांधलेल्या एका मैदानाचं रूप पालटून. तिच्या संघांच्या मालकांत भारतातून तिकडे गेलेली माणसं आहेत. सिअ‍ॅटलच्या संघात सत्या नाडेलांचा पैसा आहे. त्याच मैदानावर ६ जून २०२४ला मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरनं अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं. ख्रिसनं अमेरिकेचा खेळ विकत घेऊन आपला रविवार त्यात घातला होता. हे नवे लोक खेळच घेऊन गेलेत.

आमच्याकडचं फाटक

आमच्या भागात संघाला मालक नसतो. स्पर्धेला असतो. मंडपाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो, 'प्रथम पुरस्कार यांच्याकडून' असं लिहिलेलं. कधी ठेकेदार, कधी पुढारी. तिकीट नसतं, पण संघाला प्रवेश फी असते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका कबड्डी स्पर्धेच्या बैठकीला मी होतो. बक्षीस देणाऱ्यांचं म्हणणं, फी हजार रुपये ठेवा, म्हणजे 'चांगल्या' टीम येतील. आतल्या टोल्यांवरच्या पोरांना हजार रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, फी दोनशे करा आणि स्पर्धा बाजाराच्या दिवशी ठेवा. लोक तसेही चालत येतातच. मी पटकन हात वर केला. दर आणि वार, दोनच गोष्टी. ख्रिसनं याच दोन बदलल्या होत्या.

त्या वर्षी आतल्या गावांचे संघ आले, आधी कधी न आलेले. काही रात्रीच निघून पहाटे पोचले. त्यातला एक संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पण माइकवरचा निवेदक त्यांची नावं चुकवत होता आणि त्यांच्या बोलण्याच्या नकला करत होता. मंडपातल्या खुर्च्यांवरची माणसं हसत होती. फी कमी करून फाटक उघडलं होतं. त्यापुढचं काहीच आम्ही ठरवलं नव्हतं.

गेल्या वर्षी निवेदनाला दोन जण होते, एक मराठीत, एक माडियात. माडिया निवेदक विनोद करायचा तेव्हा खुर्च्यांवरच्यांना कळत नसे, आणि दोरीपलीकडची पोरं पोट धरून हसत. यंदाही फी दोनशेच आहे, दिवस बाजाराचाच. मुलींचे सामने ठेवायचे की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. या वेळी मुलींच्या दोन संघांच्या कर्णधारांनाही बोलावलंय.